मजल, मांड आणि खोगीर

गुरुवारी पहाटे सोलापूर-अक्कलकोट रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलं, की वय झालेले मोटारसायकलस्वार म्हणजे नेमके कोण ते कळतं. जाहिरातीतला पांढऱ्या दाढीचा, कातडी जाकीट घातलेला, लडाखला निघालेला गडी इथे क्वचित दिसतो. इथे दिसतो तो निवृत्त मास्तर, बंद पडलेल्या गिरणीतला जुना कामगार, मुलांच्या हाती यंत्रमाग सोपवून मोकळा झालेला कारखानदार. गाडी शंभर किंवा सव्वाशे सीसीची, मागे बायको, हँडलला पिशवी आणि पिशवीत हार-नारळ. गुरुवारी अक्कलकोट, पौर्णिमेला तुळजापूर, एकादशीला पंढरपूर, वर्षातून एखाद्या वेळी गाणगापूर. अंतरं चाळीस किलोमीटरपासून शंभराच्या थोडं पुढेपर्यंत, आणि तेवढंच परत. पुण्याला लेकीकडे जायचं म्हटलं तर अडीचशे. जगाच्या हिशेबात हे काही फार मोठे प्रवास नव्हेत, पण त्रेसष्टाव्या वर्षी आणि मे महिन्यात ते लांबच असतात.

मी त्यांच्यातलाच एक. राजदूतवर शिकलो, नोकरीची वर्षं हिरो होंडावर काढली, आता सव्वाशे सीसीची गाडी आहे. लांबच्या प्रवासात अंग कसं सांभाळावं याबद्दल गेल्या काही वर्षांत मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना आणि मेकॅनिकना विचारलं, बरंचसं स्वतःच्या कमरेवर करून पाहिलं. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. या विषयावर जे सांगितलं जातं त्यातलं बहुतेक काहीतरी विकण्यासाठी सांगितलं जातं. गादी घ्या, जाकीट घ्या, मोठी गाडी घ्या. आपल्याकडे घोड्यावरून दौड करणाऱ्यांनी यासाठी शब्द करूनच ठेवला आहे, खोगीरभरती. खोगिरात काय वाटेल ते कोंबलं तरी चालतं, या समजुतीतून तो आला आणि पुढे निरुपयोगी भरण्याचा अर्थ त्याला चिकटला. त्याच घोडेस्वारांचे आणखी दोन शब्द आहेत, मांड आणि मजल. बसायचं कसं आणि एका दिवसात जायचं किती. म्हाताऱ्या स्वाराचा आराम नव्वद टक्के या दोन शब्दांत आहे असं माझं मत आहे. नव्वदचा आकडा अर्थात माझ्या कमरेने काढलेला.

आधी दुखतं का ते पाहू. बसल्यावर आपलं वजन पेलतात ती माकडहाडाच्या दोन्ही बाजूंची बसायची दोन हाडं. त्यांच्यावर नितंबाच्या स्नायूंची गादी असते. साठीकडे सरकताना ती झिजते, सगळ्यांचीच झिजते. म्हणजे सीट तीच राहते, पातळ होते ती अंगातली गादी. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, त्यामुळे रस्त्याचा दणका पूर्वी मध्येच जिरायचा तो आता वर चढतो. गुडघ्याची कूर्चा घासलेली असते, आणि फूटरेस्टवर पाय ठेवला की गुडघा तासन् तास एकाच कोनात वाकलेला राहतो. एकाच स्थितीत राहणं हेच खरं दुखणं. तरुणाचंही बूड दुखतं, पण तो सकाळी उठून विसरतो. आपण मात्र पंढरपूरची एकादशी त्रयोदशीपर्यंत अंगावर वागवतो.

आता खोगीर. वय झालेला माणूस पहिली चूक करतो ती सीट मऊ करून घेण्याची. मीही केली. सीट कव्हरवाल्याकडे जाऊन म्हटलं, चांगला जाड, मऊ फोम टाक. तो बिचारा म्हणाला, "काका, मऊ टाकला तर दुकानात बरं वाटतंय, पण मोहोळ येईपर्यंत खालचा पत्रा लागतोय बघा." मी ऐकलं नाही. मोहोळ पस्तीसेक किलोमीटरवर आहे. त्याचा अंदाज चार किलोमीटरने चुकला, पत्रा आधीच लागला. मऊ फोम हाडांखाली पूर्ण दबतो आणि त्यानंतर तो नसल्यासारखाच. शिवाय बूड आत रुतलं की हलता येत नाही. खाली घट्ट फोम आणि वर बोटभर मऊ थर, ही रचना टिकते. सीट पुढच्या बाजूला उतरती असेल तर माणूस सारखा टाकीकडे घसरतो आणि घसरू नये म्हणून मनगटावर भार देतो. ती सपाट करून घेतली की मनगट आणि कंबर दोन्ही सुटतात. हे काम गावातला कुशल कारागीर सहज करतो.

परदेशी प्रवाशांत हवेच्या कप्प्यांची गादी फार लोकप्रिय आहे. तिचा जन्म मोटारसायकलीसाठी झालेला नाही. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून एकमेकांना जोडलेले हवेचे कप्पे करायची कल्पना निघाली आणि तीच पुढे गाडीच्या सीटवर आली. तत्त्व उत्तम आहे, दाब एका जागी राहत नाही. एकच गोष्ट सांभाळायची, हवा कमी भरायची. टम्म फुगवली तर चेंडूवर बसल्यासारखं होतं आणि वळणावर गाडीचा अंदाज येत नाही. जेलच्या गादीबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. सोलापूरच्या उन्हात ती तासभर उभ्या गाडीवर राहिली की तव्यासारखी तापते आणि लवकर निवत नाही. त्यापेक्षा जाळीदार कापडाचं कव्हर बरं, खालून वारा खेळतो. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय आपल्याच गावात विणला जातो. सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीप्रमाणेच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. चौपदरी घडी सीटवर घट्ट बांधली की घाम टिपते, दर थांब्यावर घडी बदलता येते आणि मुक्कामी अंघोळीला उपयोगी पडते. काही धनगर म्हातारे घोंगडीची घडी टाकतात. लोकर उन्हाळ्यात कशाला, असं वाटतं खरं, पण लोकरीखाली हवा राहते आणि ती घामाने चिकटत नाही. मेंढीचं कातडं सीटवर घालणारे परदेशी स्वार याच कारणासाठी ते घालतात.

एक उपाय फुकटचा आहे. मागच्या खिशातलं पाकीट काढा. जाड पाकिटावर एका बाजूने बसलं की कमरेचं हाड तिरकं होतं आणि नितंबातून जाणारी नस दबते. दोन वर्षं मी ज्याला सायटिका समजत होतो ते निघालं आधार कार्ड, पॅन कार्ड, चार बँकांची कार्डं आणि विठ्ठलाचा एक फोटो.

मांड हा विषय विकत मिळत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. घोडेस्वार खोगिरावर नुसता बसत नाही. मांड्यांनी घोडा धरतो, रिकिबीत पाय रोवतो आणि खड्डा आला की वजन रिकिबीवर घेतो. मोटारसायकलीतही हेच. गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, वजनाचा वाटा फूटरेस्टवर द्यायचा, हाताची मूठ सैल ठेवायची. हँडलला लटकणारा माणूस शंभर किलोमीटरनंतर खांद्यातून आखडतो. स्पीडब्रेकर आला की बूड दोन बोटं उचलायचं. पाठीचा दणका गुडघे खातात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी गुडघ्यांना दोष देण्याआधी घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून बसून पाहावं. ते जमत नसेल तर इलाज गाडीचा नाही, मांडीचा करायला हवा, आणि दोन-तीन महिन्यांत तो होतो.

यावरून गाडीच्या निवडीकडे जाता येतं. निवृत्तीचे पैसे हाती आले की आमच्या पिढीच्या माणसाला दोन मोह पडतात, बुलेटचा आणि पाय पुढे पसरून बसायच्या क्रूझरचा. क्रूझर दुकानात सिंहासनासारखी वाटते. सीट खाली, पाठीला टेका, पाय लांब. पण पाय पुढे गेले की त्यांच्यावर वजन देता येत नाही, बूड उचलता येत नाही आणि प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. चांगल्या रस्त्यावर ती सुखाची आहे, बार्शी-वैरागच्या आडरस्त्याला नाही. बुटक्या माणसाला किंवा पाय जमिनीवर टेकायची धास्ती वाटणाऱ्याला मात्र ती धीर देते, हेही खरं.

बुलेटची गोष्ट वेगळी आहे. आमच्या तरुणपणीच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. आताची सगळी गाडी उलट. पंचवीस वर्षांनी पुन्हा बुलेट घेतलेला माझा एक मित्र कुत्रं आडवं आल्यावर डाव्या पायाने जोरात ब्रेक मारायला गेला आणि गिअर पडला. डोकं विसरतं, पाय विसरत नाहीत. दुसरं वजन. साध्या शंभर सीसीच्या गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास, साडेतीनशे सीसीच्या बुलेटचं १९० च्या वर. पळताना फरक कळत नाही, पेट्रोल पंपाच्या उतारावर मागे ढकलताना कळतो. जुन्या बुलेटच्या थरथरीने बोटं बधिर व्हायची. २०२० पासून आलेल्या नव्या साडेतीनशेच्या इंजिनात तोल साधणारा शाफ्ट आहे, त्यामुळे ती तक्रार बरीच कमी झाली. आवाजाचे शौकीन त्यावर नाराज आहेत. त्यांची बोटं शाबूत आहेत.

तिसरा पर्याय लोक कमीपणाचा मानतात तो स्कूटरचा. पाय वर टाकून चढावं लागत नाही, क्लच दाबावा लागत नाही, पायाला जागा बदलता येते. खुब्याचा किंवा अंगठ्याच्या सांध्याचा त्रास असेल तर स्कूटरच बरी. पण तिची चाकं दहा-बारा इंची आणि मोटारसायकलची सतरा-अठरा. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं. म्हणून अक्कलकोटला स्कूटर, पुण्याला मोटारसायकल, असा माझा हिशेब. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदीच आहे, त्यामुळे वेगवान गाडीचा मोह तसाही अर्धा फुकट.

थरथर या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते मोटारसायकलींमुळे कमी आणि ट्रॅक्टर, डंपर, खोदकामाची यंत्रं चालवणाऱ्यांमुळे जास्त. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते आठ हेलकाव्यांना सगळ्यांत जास्त थरथरतो, आणि खराब रस्ता नेमके याच पट्ट्यातले हेलकावे देतो. गाडीचा शॉकअप त्यासाठीच असतो, पण आपल्याकडे तो कारखान्यातून आला त्याच खाचेवर आयुष्य काढतो. मागे बायको आणि सामान असेल तर शॉकअप एक-दोन खाचा घट्ट करायला हवा. एकटं जायचं असेल तर पुन्हा सैल. हे काम पाच मिनिटांचं आहे. टायरमध्ये हवा दाबून भरायची सवयही तशीच घातक, कंपनीने लिहिलेला आकडा चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो. क्लचची केबल तेल घालून मऊ केली तर डाव्या मनगटाचं निम्मं दुखणं गेलं. मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येत असतील तर हँडलला जाड फोमची मूठ लावा आणि क्लच-ब्रेकचे दांडे थोडे खाली फिरवून घ्या, म्हणजे हाताची रेघ कोपरापासून बोटापर्यंत सरळ येते.

आणि वारा. ताशी साठवरून ऐंशीवर गेलं की अंगावर येणारा वाऱ्याचा रेटा पावणेदोन पटींहून जास्त होतो. हा रेटा छाती आणि डोकं पेलतं, म्हणजे शेवटी मान. सोलापूर ते पुणे साठच्या सरासरीऐवजी पन्नासने गेलं तर पन्नास मिनिटं जास्त लागतात. ती पन्नास मिनिटं वाचवायला आपल्याला पुण्यात असं कोणतं काम असतं? हेल्मेटबद्दल वाद नको, फक्त ते हलकं, आयएसआय चिन्हाचं आणि डोक्यात घट्ट बसणारं असावं. सैल हेल्मेट वाऱ्यात हलतं आणि मान दमवतं.

आता सोलापूरचा खरा शत्रू, ऊन. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला लागतो. लोकांना वाटतं गाडीवर वारा लागतो म्हणजे गार वाटेल. त्वचेचं तापमान पस्तिसाच्या आसपास असतं. हवा त्याहून तापलेली असेल तर वारा अंग गार करत नाही, भट्टीच्या भात्यासारखा तापवतो. जेवढा वेग तेवढा ताप. म्हणून अर्ध्या बाहीचा शर्ट घालून निघणारा माणूस स्वतःला भाजून घेत असतो. पूर्ण बाह्या, मान झाकलेली, हातमोजे, सैल सुती कपडे. घाम वाळायला लागतो तो मात्र अंग गार करतो, आणि इथली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे ती किमया जोरात चालते. परदेशात भिजवून घालायचं जाकीट मिळतं. त्यामागचं तत्त्व माठाचं आणि वाळ्याच्या पडद्याचं. मी जाळीच्या जाकिटाखाली ओला पंचा गुंडाळतो. अर्ध्या-पाऊण तासात वाळतो, पुढच्या पंपावर पुन्हा भिजवायचा. कोकणात हे चालत नाही, तिथे पंचा वाळतच नाही.

वय झालं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण तशी जाणीव उशिरा होते. घामही तरुणांइतका सुटत नाही. त्यात आपण पुरुष मंडळी प्रोस्टेटच्या भीतीने मुद्दाम पाणी टाळतो. दर तासाला थांबावं लागेल, लोक काय म्हणतील. परिणाम असा की टेंभुर्णीला पोचेपर्यंत डोकं चढलेलं आणि लघवी पिवळीजर्द. रक्तदाबाची 'लघवीची गोळी' सुरू असेल तर हा धोका दुप्पट धरा. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. स्वतःच्या मनाने गोळी चुकवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांची संध्याकाळही पाहिली आहे. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना एकदम चक्कर येते. म्हणून गाडी स्टँडला लावल्यावर मिनिटभर बसून राहावं, पायाची बोटं हलवावीत, मग उतरावं. मधुमेह असेल तर शर्टाच्या खिशात साखर किंवा गूळ हवा, डिकीत नव्हे, कारण साखर उतरली की डिकीची किल्ली लावायला हात थरथरतात. डिकीत इन्सुलिनही ठेवू नये, उन्हात ते निकामी होतं. तळपायाची संवेदना कमी झालेल्याने चपलेवर गाडी चालवू नये. सायलेन्सरला पाय भाजल्याचं त्याला मुक्कामी मोजा काढताना कळतं, आणि चप्पल असेल तर मोजाही नसतो.

बायकांच्या बाजूने पाहिलं तर पाण्याचा प्रश्न जास्त कडू आहे. स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते म्हणून त्या निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. माझ्या बायकोने हे मला लग्नानंतर तेहतीस वर्षांनी सांगितलं. तेव्हापासून आमचे थांबे मी ठरवत नाही. कोणत्या पंपावरचं स्वच्छतागृह बरं, याची यादी तिच्याकडे आहे, आणि गाडी त्या यादीवर चालते. मागे बसणाऱ्याच्या आरामाबद्दल लिहिणारे फारच कमी. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईचा कणा सगळा वेळ पिळलेला असतो आणि एकच पाय टेकलेला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्यासाठी पकडायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण सक्तीचं करतो. तरी नव्या गाडीचा सारीगार्ड आधी काढून टाकणारे तरुण घरोघरी आहेत. दोन्ही बाजूंना पाय टाकून, पंजाबी ड्रेस घालून बसणं हा कमरेसाठी सर्वांत मोठा फरक. माझ्या आईच्या पिढीला हे शक्य नव्हतं. बायकोनेही पहिल्यांदा शेजारणी बघतील म्हणून गल्लीच्या बाहेर आल्यावरच पाय फिरवला.

खाणं. भिगवणला उजनीच्या माशांचं ताट पुढ्यात आलं की वैराग्य टिकत नाही, हे मान्य. पण दुपारी दोन ते चार ही वेळ शरीराच्या घड्याळातच झोपेची आहे, त्यात भरलं पोट आणि इंदापूरनंतरचा सरळ रस्ता. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९० च्या दशकात पेंगणाऱ्या चालकांवर प्रयोग केले. कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. वामकुक्षी आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याआधी कपभर चहा घ्यायचा एवढीच नवी गोष्ट. लिंबाच्या झाडाखाली घोंगडी टाकून वीस मिनिटं पडलेल्या म्हाताऱ्याला पोलीसही उठवत नाहीत. प्रवासात जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि अर्धं पोट. मासे परतताना, मुक्कामाच्या दिवशी.

डोळ्यांबद्दल मात्र तडजोड नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली आकसलेली असते आणि भिंग पिवळट झालेलं असतं. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्याची चकाकी सगळं चित्र पुसून टाकते. आता या डोळ्यांनी सोलापूर जिल्ह्यात हंगामाच्या रात्री गाडी चालवून पाहा. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर वरचा. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी धुळीने माखलेली, आणि ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली उसाची टोकं. ताशी साठच्या वेगात माणूस सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जातो; अर्धा सेकंद उशिरा कळलं तर आठ मीटर गेले, म्हणजे साधारण एक ट्रॉली आणि वर थोडं. त्यात ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढते तिथे काळ्या मातीचा चिखल पडलेला. पाऊस पडला की तो साबण. म्हणून दिवेलागणीआधी मुक्काम, हा माझ्या वयाचा कायदा आहे. त्याला अपवाद नाही, लग्नाच्या वरातीसाठीही नाही.

इथे मजल येते. पूर्वीचे लोक मजल दरमजल करत जात, म्हणजे दिवसाची वाट आधी ठरलेली आणि मुक्काम ठरलेला. जगात याच्या अगदी उलट हौस असलेले लोकही आहेत. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे, मराठीत 'लोखंडी बूड मंडळ' म्हणा. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर केले तर ती प्रमाणपत्र देते. गंमत अशी की त्या मंडळाचा अनुभवी सल्ला वाचला तर तो एखाद्या वारकऱ्याचा वाटतो: हलकं खा, पाणी पीत राहा, वेग वाढवून वेळ वाचत नाही, दमलात की थांबा, आणि निघायच्या तोंडावर गाडीत नवीन काही बसवू नका. शेवटचं वाक्य मी माझ्या मऊ सीटच्या आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. दुसरं उदाहरण टेड सायमनचं. या ब्रिटिश पत्रकाराने १९७३ ते १९७७ मध्ये ट्रायम्फ मोटारसायकलीवर जगाची फेरी केली, भारतातूनही गेला, आणि २००१ मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी तीच फेरी पुन्हा करायला निघाला. वय हा अडथळा नाही, हे त्यावरून सिद्ध होतं असं उत्साही लोक सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. दोन्ही वेळा त्याला कुठेही अमुक वाजता पोचायचं नव्हतं.

माझी मजल अशी आहे. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघायचं, दहाला सावलीत. दर चाळीस-पन्नास मिनिटांनी थांबायचं, दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळावर. दुखू लागल्यावर थांबलं तर स्नायू आधीच आखडलेले असतात आणि मग थांबे वाढतच जातात. थांबल्यावर बाकड्यावर बसायचं नाही, आतापर्यंत बसलोच होतो. दोन फेऱ्या मारायच्या, टाचा वर-खाली करायच्या, गाडीच्या सीटला धरून एक पाय मागे ओढून मांडीचा पुढचा भाग ताणायचा. ढाब्यावरची पोरं हसतात. पुण्याला सलग जायचं नाही. इंदापूरला नातेवाईक आहेत, ते नसतील तर लॉज आहे. थंडीत मजल वाढते, तेव्हा हुरड्याच्या निमित्ताने मंगळवेढ्याकडे जाऊन परत येणं एका दिवसात होतं.

कायद्याने आपल्या वयाची दखल थोडीशी घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नवं होतं आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे प्रमाणपत्र अनेकदा चष्म्याकडे न बघता मिळतं, हे सर्वांना माहीत आहे. मी ते घ्यायला गेलो तेव्हा माझा रक्तदाबही मोजला नाही. मीच मोजा म्हटल्यावर तपासणाऱ्याला आश्चर्य वाटलं. तेव्हा खरी परीक्षा आपली आपणच घ्यायची. गाडी डबल स्टँडला लावता येते का? मान वळवून मागे बघता येतं का, की फक्त आरशावर भिस्त आहे? आडवी पडलेली गाडी उचलता येईल का? गेल्या वर्षभरात 'अरे, हा कुठून आला' असं किती वेळा झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायला मागे बसणारी व्यक्ती हवी.

मग गाडीने जायचंच कशाला? १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईपर्यंत वंदे भारत आहे. एसटीत पंच्याहत्तरीनंतर तिकीटच नाही, पासष्टीला अर्धं, आणि मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं. आरामाचाच हिशेब करायचा तर मोटारसायकल हरलेली आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही, फक्त पहाटेच्या हवेत वळसंगच्या आसपास ज्वारीच्या रानाचा वास येतो आणि तो एसटीच्या काचेतून येत नाही एवढं सांगता येतं.

मागच्या दत्तजयंतीला हेच बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही या वास घेत घेत. मला अर्धं तिकीट आहे." मी पहाटे निघालो, दोनदा थांबलो, दोन्ही वेळा टाचा वर-खाली केल्या, शॉकअप एकट्यासाठी सैल केलेला होता, टॉवेलची घडी नीट बसली होती. अक्कलकोटला पोचलो तेव्हा ती दर्शन घेऊन अन्नछत्राच्या रांगेत माझ्यापुढे वीसेक माणसं सोडून उभी होती. मला पाहून तिने आधी विचारलं ते कमरेबद्दल. मी म्हटलं, ठीक आहे. तिने मी चालत आलो ते पाहिलं होतं, त्यामुळे पुढे काही बोलली नाही. परतताना मात्र हातातली पिशवी हँडलला अडकवली, पाय फिरवून मागे बसली आणि म्हणाली, वाटेत त्या दुसऱ्या पंपावर थांबा, पहिल्याला पाणी नसतं.